हॉलमधे आवाज मोठा येतो पण शब्द कळत नाहीत, अशा वेळी काय तपासायचं

दर सप्ताहाला, दर गणपतीत, सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेला हेच होतं. मागून कुणीतरी हात वर करून ओरडतं "मागे ऐकू येत नाहीये", साऊंडवाला आवाज वाढवतो, पुढच्या रांगेतल्या आज्या कानावर पदर घेतात, माईक कुई करतो, मग आवाज परत खाली, आणि दहा मिनिटांनी परत मागून हात वर. पुढच्या वर्षी मंडळ मोठा अँप आणतं आणि परत तेच. ज्यांच्याकडे हे वर्षानुवर्षं चालू आहे त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहितोय, कारण यातला बराचसा त्रास पैसे न खर्च करता जातो, फक्त आवाज हॉलमधे कसा फिरतो ते समजून घ्यावं लागतं.

आधी हे पक्कं करा की मागच्या माणसाला आवाज कमी येतोय का शब्द कळत नाहीयेत. दोन्ही तक्रारी "ऐकू येत नाही" याच शब्दांत येतात पण उपाय एकदम उलटे आहेत. तपासायला सोपी युक्ती सांगतो. माईकवरून देणगीदारांची यादी वाचायला लावा, नावं आणि आकडे, आणि मागे बसलेल्या कुणाला तरी वही पेन देऊन ती लिहून घ्यायला सांगा. नेहमीचं भाषण किंवा ओळखीचा अभंग या कामाचा नाही, कारण पुढचा शब्द काय येणार ते डोक्यात आधीच तयार असतं आणि अर्धं ऐकू आलं तरी माणूस पूर्ण करून घेतो. यादीत तसं होत नाही. लिहिणाऱ्याने साठचे आठ केले, पाटीलचं काटील केलं, म्हणजे आवाज पोचतोय पण व्यंजनं मरतायत. काहीच लिहिता आलं नाही आणि तो म्हणाला फार बारीक येतंय, तर खरोखर आवाज कमी आहे. माझ्या बघण्यात दहातल्या आठ-नऊ हॉलमधे पहिलाच प्रकार असतो.

व्यंजनंच का मरतात ते बघा. बोलण्यातला जोर बहुतेक सगळा स्वरांमधे असतो, आ ओ ए वगैरे, आणि तो साधारण हजार हर्ट्झच्या (सेकंदाला हजार कंपनं) खाली. शब्द ओळखू येतो तो मात्र स, श, त, क, प यांच्यामुळे, आणि त्यांची ओळख पटवणारा भाग वर दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर असतो, तोही अगदी थोड्या जोराचा आणि अगदी थोडा वेळ. आता हॉल घुमत असेल तर आधीच्या स्वराची शेपटी अजून हवेत असताना पुढचं व्यंजन येतं आणि तिच्याखाली बुडून जातं. आपण सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं बोलतो, हॉलमधे आवाज विरायला चार सेकंद लागत असतील तर प्रत्येक अक्षरावर आधीच्या पंधरा-वीस अक्षरांचा गाळ बसलेला असतो. अशा वेळी नॉब फिरवला की अक्षरही वाढतं आणि गाळही तेवढाच वाढतो, दोघांमधलं प्रमाण जिथल्या तिथे. आख्खा मुद्दा हाच आहे, बाकी सगळं याच्या आजूबाजूचं.

हॉल किती घुमतो ते बघायला रिकाम्या हॉलमधे मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा आणि ती पूर्ण विरेपर्यंत मनात मोजा. एका सेकंदात संपली तर बोलण्यासाठी उत्तम. दोनच्या पुढे गेली तर काळजी घ्यावी लागणार. तीन-चार सेकंद रेंगाळली तर तिथे अँप कितीही भारी आणा, स्टेजवरच्या दोन मोठ्या स्पीकरांनी आवाज मागे फेकायची पद्धत चालणार नाही.

याचा हिशोब शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी झालेला आहे. १८९५ मधे हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचा एक लेक्चर हॉल असा बांधला गेला की त्यात प्राध्यापकांचं काही कळेचना, साडेपाच सेकंद आवाज घुमायचा. वॉलेस सबीन नावाच्या तरुण भौतिकशास्त्राच्या शिक्षकावर ते काम आलं. त्याने ऑर्गनची नळी, स्टॉपवॉच आणि शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या घेतल्या, रात्री सगळीकडे शांत झालं की गाद्या आत आणायच्या, नळी वाजवायची, किती वेळात आवाज ऐकू यायचा थांबतो ते मोजायचं, सकाळच्या आत गाद्या परत. त्यातून जे सूत्र निघालं ते अजून जगभर वापरतात: हॉलचं घनफळ घनमीटरमधे गुणिले ०.१६१, भागिले आत एकूण किती चौरस मीटर आवाज शोषला जातो ते. घुमण्याचा वेळ म्हणजे आवाज ६० डेसिबलने (आवाजाची पातळी मोजायचं माप) खाली यायला लागणारे सेकंद.

आपल्याकडचा हॉल घेऊन बघू. वीस मीटर लांब, दहा रुंद, पाच उंच, म्हणजे हजार घनमीटर. जमीन, छत, भिंती मिळून सातशे चौरस मीटर, आणि ग्रॅनाईट, टाईल्स, प्लॅस्टर यांच्यावर पडलेल्या आवाजातला दोन-तीन टक्केच शोषला जातो, तीन धरा, म्हणजे सगळं मिळून एकवीस चौरस मीटर. १६१ भागिले २१, साडेसात सेकंदांच्या वर. खिडक्या-दारं उघडी असतात, थोडं सामान असतं म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही पण चार-पाच सेकंद सहज होतात. आता त्यात दोनशे माणसं बसवा. बसलेला माणूस कपड्यांसकट साधारण ०.४५ चौरस मीटर शोषतो, दोनशेंचे नव्वद झाले, एकूण १११, आणि वेळ आला दीड सेकंदावर! म्हणून संध्याकाळी रिकाम्या हॉलमधे जे सेटिंग करून ठेवतो ते कीर्तनाच्या वेळी चुकतं, आणि म्हणूनच पंधरा-वीस माणसांच्या काकड्याला जास्त घुमतं आणि काल्याला कमी. जीर्णोद्धार झालेल्या मंदिरांत हा त्रास नव्याने सुरू होतो तो पण यामुळेच. आधी लाकडी माळवद, खालची सारवलेली जमीन, बाजूने उघड्या ओसऱ्या. नंतर वर स्लॅब, खाली ग्रॅनाईट, बाजूला काचेच्या सरकत्या खिडक्या. मंदिर सुंदर झालं आणि शब्द गेले.

आता वॉट. शंभर वॉटचा अँप काढून दोनशेचा आणला तर आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट, म्हणजे हजार वॉट. दुसरं म्हणजे स्पीकरच्या मागे किंवा कागदावर एक वॉटला एक मीटरवर किती डेसिबल ते लिहिलेलं असतं, तिकडे कुणी बघतच नाही. ९० वाला आणि ९६ वाला यांच्यात ६ डेसिबलचा फरक आहे, तेवढा फरक अँपने भरून काढायचा तर चौपट वॉट लागतील. खरेदीला जाल तेव्हा वॉटच्या आधी हा आकडा विचारा.

अंतराचं गणित मात्र प्रत्येकाने पाठ करावं. मोकळ्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. एक मीटरवर १०० असेल तर दोनवर ९४, चारवर ८८, आठवर ८२, सोळावर ७६. स्टेजवर दोन मोठे डबे, म्हणजे स्पीकर, ठेवले तर पुढची रांग ९४ मधे आणि मागची ७६ मधे, १८ डेसिबलचा फरक, पुढच्यांचे कान फुटणारच आणि मागचे हात वर करणारच. यावर तुम्ही म्हणाल की आमच्या हॉलमधे तर मोबाईलच्या मीटरवर मागे पण ८५ दाखवतं. बरोबर, कारण बंद हॉलमधे काही अंतरानंतर आवाज पडायचा थांबतो, भिंतींवरून आलेला आवाज जागा भरून काढतो. मीटरला सरळ आलेलं काय आणि घुमून आलेलं काय ते कळत नाही, कानाला कळतं. वरच्याच हॉलमधे चार सेकंद घुमणं असेल तर साध्या, बऱ्यापैकी दिशा धरणाऱ्या डब्यासमोर फक्त दोन-तीन मीटरपर्यंत सरळ आवाज वरचढ असतो. माणसं भरून दीड सेकंदावर आलं तर साडेचार मीटरच्या आसपास. त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत कसंबसं निभतं, पुढे नाही. वीस मीटरच्या हॉलमधे स्टेजवरून शब्द मागे का पोचत नाहीत ते यात आलं.

म्हणून उपाय हा की आवाज लांब फेकायचा नाही, स्पीकर माणसांजवळ न्यायचे. दोन मोठ्या डब्यांऐवजी बाजूच्या खांबांवर चार-सहा लहान स्पीकर, प्रत्येक थोडक्या आवाजात, तोंड खाली बसलेल्या माणसांच्या डोक्याकडे. बहुतेक ठिकाणी स्पीकर छताला लागून सरळ समोरच्या भिंतीकडे बघत असतो, ते सगळ्यात वाईट, कारण आवाज आधी भिंतीला आणि स्लॅबला जातो आणि मग लोकांना मिळतो. माणसांवर पाडा, माणसं शोषून घेतात. लांब उभे कॉलम स्पीकर मंदिरांत बरे पडतात कारण ते उभ्या दिशेत आवाज कमी पसरवतात, स्लॅबकडे कमी जातं, पण ते उभेच लावायचे. सोय म्हणून आडवे टांगलेले बघितले की जीव तुटतो, आडवं केलं की नेमकं उलटं होतं, बाजूला अरुंद आणि वर-खाली फाकलेलं.

स्पीकर मागे नेले की नवीन भानगड होते ती म्हणजे दोनदा ऐकू येणं. वायरमधून आवाज मागच्या स्पीकरला जवळपास लगेच पोचतो, पण स्टेजचा आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटरने येतो, मीटरला तीन मिलिसेकंद धरा. स्टेजपासून अठरा मीटरवर बसलेल्याला आधी शेजारचा खांब बोलतो आणि ५० मिलिसेकंदांनी स्टेज बोलतं. तीसेक मिलिसेकंदांपर्यंतचा फरक कान एकच आवाज म्हणून धरतो, पन्नासच्या पुढे तो दुसरा आवाज म्हणून खुपायला लागतो. हेल्मुट हास या जर्मन माणसाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात यावर काम केलं आणि त्यातली कामाची गोष्ट अशी की जो आवाज आधी पोचतो तिकडूनच तो येतोय असं कानाला वाटतं, मागून येणारा थोडा मोठा असला तरी. तर आजकालच्या डिजिटल मिक्सरमधे आउटपुटला डिले (आवाज थोडा उशिरा सोडायची सोय) असतो तो वापरा: मागच्या स्पीकरचं स्टेजपासूनचं अंतर मीटरमधे गुणिले तीन, आणि वर दहा-पंधरा मिलिसेकंद. बारा मीटरवर खांब असेल तर छत्तीस अधिक दहा, म्हणजे ४५ च्या आसपास. मागच्या माणसाला बुवा समोरूनच बोलतायत असं वाटतं आणि शब्द मिळतात शेजारच्या खांबातून. डिले नसेल तर स्टेजचे डबे बरेच खाली घ्या आणि खांबांवरच भिस्त ठेवा.

आणि हो, अँपवरचा इकोचा नॉब शून्यावर आणा. खरंच सांगतो, कित्येक ठिकाणी एवढं केलं तरी अर्धी तक्रार संपते. हॉल फुकटात घुमवतोच आहे, त्यात मशीनचं घुमणं कशाला. पोवाड्याला, गाण्याला मोकळ्या मैदानात ठीक आहे, प्रवचनाला अजिबात नाही.

त्याच्या बरोबरीने बेस कमी करा. चॅनेलवर लो कट नावाचं बटण असतं, ८० किंवा १०० हर्ट्झचं, बोलण्याच्या माईकला ते कायम दाबलेलं ठेवा, आणि इक्वलायझरवर (वेगवेगळ्या वारंवारता कमी-जास्त करायचे नॉब) दोनशे-तीनशे हर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल खाली. सगळ्यात जास्त घुमतो तो खालचाच भाग, आणि शब्दाला त्याची गरज सगळ्यात कमी. आवाज थोडा पातळ वाटेल, बुवांना आवडणार नाही, पण मागची वही लगेच सुधारते.

आता माईकची कुई. स्पीकरचा आवाज परत माईकमधे जातो, परत मोठा होतो, परत जातो, आणि ज्या वारंवारतेला एका फेरीत आवाज घटायच्या ऐवजी वाढतो ती शिट्टी मारते. इथेही अंतरच. तोंडापासून माईक ६० सेंटिमीटरवर आहे तो १५ वर आणला तर दोनदा निम्मं झालं, १२ डेसिबल मिळाले, अँपच्या भाषेत सोळापट वॉट, तेही फुकट आणि कुई न वाढवता. कीर्तनकार फिरतात, मान वळवतात, म्हणून स्टँडपेक्षा गालाजवळचा हेडसेट माईक कितीतरी बरा. स्टँडच असेल तर स्पीकर माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून, आणि मॉनिटर (बोलणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) माईकच्या पाठीशी, कारण नेहमीचा हातातला माईक मागून सगळ्यात कमी ऐकतो. माईकची जाळी मुठीत धरून बोलू देऊ नका, मागची बाजू झाकली की त्याचं दिशा धरणंच जातं, आणि कुई सुरू झाली की लोक घाबरून नेमकी जाळीच झाकतात, त्याने ती वाढते. फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली घ्या, माईक स्पीकरपासून दूर वळवा.

उघडे माईक मोजा. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की कुई न होता मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. मागे टाळकरी उभे असतात त्यांना माईक कशाला, टाळ बंद मंडपात असेही सगळ्यांना व्यवस्थित ऐकू येतात. पखवाजाचा माईक निरूपण चालू असताना बंद, गजराला उघडायचा, त्यासाठी मिक्सरवर बसलेला माणूस कीर्तनात लक्ष असलेला हवा. पंखे पण बघा, शब्द नीट कळायला बोलणं आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा पंधराएक डेसिबल वर लागतं, माईकच्या तोंडावर वारा मारणारा स्टँडचा पंखा हलवला तरी फरक पडतो.

एक चूक पटकन पकडता येत नाही म्हणून वेगळी सांगतो. दोन डब्यांपैकी एकाच्या वायरीची लाल-काळी उलटी लागलेली असते. लक्षण असं की हॉलच्या मधोमध उभं राहिलं तर आवाज पोकळ, पखवाजाची धुम गायब, आणि एका बाजूला सरकलं की परत येते. एक डबा हवा पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढतो, मधे दोघांची वजाबाकी होते. एका डब्याच्या टोकाची अदलाबदल करून परत मधे उभे रहा, बरोबर असेल तेव्हा धुम एकदम भरून येते.

पण कोपऱ्यात धुम जास्त आणि मधे कमी असं एका स्पीकरवर पण होत असेल तर तो वायरीचा दोष नाही, खोलीचा आहे. शंभर हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते आणि पन्नासच्या लाटेची सात मीटर, दोन भिंतींमधलं अंतर त्याच्या निम्म्याला बसलं की लाट जागच्या जागी उभी राहते, भिंतीजवळ फुगते आणि मधे मरते. डबा कोपऱ्यातून काढून मीटरभर पुढे घ्या. इक्वलायझरने ते सगळीकडे सारखं होत नाही.

हॉलवर थोडा खर्च करायची तयारी असेल तर मागच्या भिंतीपासून सुरुवात करा, स्पीकरच्या समोरची ती. तिथे पन्नास मिलिमीटर जाडीचं रॉकवूल कापड लावून, शक्य असेल तर भिंतीपासून थोडं सोडून. खाली सतरंज्या, जाड जाजम, जाड चुणीदार पडदे यांनी वरचा भाग शोषला जातो, खालचा फारसा नाही. अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल लावू नका, लोक हौसेने लावतात पण त्यांनी आवाज जवळपास शोषला जात नाही आणि वर आगीची भीती.

मंडपाबाहेर कर्णे असतील तर रात्रीचं वेगळं आहे. दिवसा जमीन तापलेली असते, आवाज वर वळतो आणि लांब जात नाही. रात्री जमिनीजवळची हवा गार आणि वरची उबदार, मग तोच आवाज खाली वळतो आणि पलीकडच्या वाडीपर्यंत स्वच्छ जातो. नॉबला हात न लावता तक्रार येते ती खरी असते, त्यांच्याशी भांडू नका, कर्णे खाली वळवा किंवा बंद करा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, सरकारने वर्षातले जे मोजके दिवस दिलेत त्यात बारापर्यंत. आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ७५ किंवा तिथल्या नेहमीच्या आवाजापेक्षा १० जास्त, यातलं जे कमी असेल ते.

डब्यासमोर पोरं बसतात ती आधी उठवा. ८५ डेसिबलला आठ तास, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं, हा अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचा कामगारांसाठीचा हिशोब आहे आणि लहान कानांना तर त्याच्याही खूप आत राहिलेलं बरं.

सेटिंग रिकाम्या हॉलमधे अर्धंच होतं. लोक बसले, दारं लागली, पंखे चालू झाले की दहा मिनिटांनी मिक्सरवरच्याने उठून मागच्या खांबापाशी जाऊन ऐकावं, सूचना वाचणाऱ्याला यादीतली चार नावं वाचायला लावावीत, वही परत बघावी आणि मगच फेडरला हात लावावा. बहुतेक वेळा तो खालीच घ्यावा लागतो.